औट घटकेच्या बाई

नव्या सत्राच्या पहिल्या पालकसभेत आम्हाला एक पाठपोट छापलेला कागद मिळाला. वर ठळक अक्षरांत ‘या सत्रात आपली मुले काय शिकतील’. मी तो आधी कौतुकानं वाचला, मग सावकाश वाचला आणि मग चष्मा पुसून परत वाचला. ‘विद्यार्थी तीन अंकी संख्यांची वजाबाकी एकापेक्षा अधिक रीतींनी करू शकेल.’ ‘विद्यार्थी बरोबर या चिन्हाचा अर्थ सांगू शकेल.’ ‘विद्यार्थी आपली भावना योग्य शब्दांत व्यक्त करू शकेल.’ या सगळ्या ‘शकेल’ना अध्ययन निष्पत्ती म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. लेक तिसरीत आहे. मी तिच्यापेक्षा चांगली २७ वर्षांनी मोठी आहे आणि यादीतलं निम्मं मला अजून जमत नाही.

कागदाच्या तळाशी, जिथे औषधाच्या बाटलीवर धोक्याची सूचना असते तिथे, एक ओळ होती: ‘घरी वेगळ्या पद्धतीने शिकवून मुलांचा गोंधळ करू नये, ही नम्र विनंती.’ ती वाचताना वर्गातले सगळे पालक एकदम निरागस झाले. मीसुद्धा. छोट्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसल्यावर निरागस दिसायला फारसे कष्ट पडत नाहीत.

विनंती मोडायला मला दोन दिवस लागले.

गणित साधं होतं. ७०३ वजा ४६८. संध्याकाळी सात वाजता आम्ही वही उघडली. मी म्हटलं, “बघ हं, तीनातून आठ जात नाहीत. मग शेजारी जायचं. शेजारी कोण? शून्य. त्याच्याकडेच काही नाही, तर तो काय देणार? मग तो त्याच्या शेजारी जातो. सात त्याला एक देतो, शून्याचे दहा होतात, दहातला एक तो तिनाला देतो, स्वतःकडे नऊ उरतात.”

“मग परत कधी करायचा?”

“काय परत करायचं?”

“उसना घेतलेला एक.”

तीस वर्षं मी वजाबाक्या करते आहे. इतक्या वर्षांत किती एक उसने घेतले असतील, याचा हिशोब नाही. एकही परत केलेला नाही, हे त्या क्षणी लक्षात आलं. आमच्या घरात वाटीभर साखर उसनी आणली तरी दुसऱ्या दिवशी वाटी शिगोशीग भरून परत जाते आणि इथे मी पोरीला राजरोस बुडवेगिरी शिकवत होते.

आबा, म्हणजे माझे सासरे, पेपराआडून हे ऐकत होते. “परत करायचा असतोच मुळी,” ते म्हणाले आणि पेपर खाली आला. पेपर खाली आला की आबा खोलीच्या मध्यभागी येतात, हा आमच्याकडचा निसर्गनियम आहे. “तेरातून आठ गेले पाच. हातचा एक, तो खालच्या सहाला दिला, झाले सात. दहातून सात गेले तीन. हातचा एक, चाराला दिला, पाच. सातातून पाच गेले दोन. दोनशे पस्तीस. फिटला व्यवहार.”

उत्तर माझ्याइतकंच. पण आबांच्या वजाबाकीत वरच्याला दिलं तेवढं खालच्यालाही देतात, म्हणजे फरक होता तेवढाच राहतो. मी पहिल्यांदाच ती इतक्या जवळून पाहिली आणि मला ती जरा जास्तच सभ्य वाटली. लेकीनं मात्र दोघांकडे, दोन मोडक्या खेळण्यांकडे पाहावं तसं पाहिलं. “बाईंनी सांगितलंय, उसना, हातचा असलं काही म्हणायचं नाही. दशक सुटा केला म्हणायचं. आणि इथे तर सुटा करायचीच गरज नाही.”

तिनं वहीत एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला ४६८, दुसऱ्या टोकाला ७०३. मग बेडकासारख्या उड्या. दोनची उडी मारून ४७०. तीसची मारून ५००. दोनशेची मोठी, ७००. मग तीन. दोन, तीस, दोनशे आणि तीन, दोनशे पस्तीस. उसनं नाही, पासनं नाही, शेजाऱ्याला त्रास नाही. याला म्हणे रिकामी संख्यारेषा म्हणतात आणि नेदरलँड्समधल्या गणितशिक्षकांनी ती शाळांत रुळवली. आता, सुट्टे परत देताना कुठलाही दुकानदार अगदी हेच करतो, मालाच्या किमतीपासून आपण दिलेल्या नोटेपर्यंत उड्या मारत मोजतो. आम्ही ते जन्मभर पाहत आलो, पण वहीत लिहिण्याच्या लायकीचं आहे असं कधी वाटलं नाही. दुकानदार शाळेत शिकवायला नव्हते, एवढंच.

आबांना पटलं नाही. त्यांनी मागच्या पानावर चार वजाबाक्या घातल्या. मी माझ्या रीतीनं ताळा केला. तिघांची उत्तरं जुळली आणि त्याचा कुणालाच आनंद झाला नाही. शेवटी लेक दप्तर भरत म्हणाली, “आई, राहू दे. मी बाईंना विचारते.” घड्याळात आठ वाजून चोवीस मिनिटं झाली होती. ही वेळ ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवऱ्यानं हे सगळं आतून ऐकलं होतं. तो इंजिनिअर आहे आणि तिसरीच्या गणिताला घाबरण्याचं कारण त्याला दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाही सरसावून तोच बसला. समोर ८ + ४ = ☐ + ५. त्यानं अर्धा सेकंदही न दवडता चौकटीत १२ लिहिले.

“बाबा,” लेक हळुवारपणे म्हणाली. हळुवारपणा फार वाईट असतो. “डाव्या बाजूला बारा आहेत. उजव्या बाजूला तू सतरा केलेस.”

तिथे सात हवे होते. बरोबरचं चिन्ह दिसलं की हात आपोआप उत्तर लिहितो. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात त्या दोन रेघांचा अर्थ ‘चला, आता लिहा’ एवढाच आहे. चिन्ह खरं तर तराजूचं आहे, दोन्ही पारडी सारखी. नवऱ्याला हे अर्थात ठाऊक होतं, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्यानं समीकरणांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. पण तिथे कुणी रिकामी चौकट देऊन सापळा लावत नसे. जिव्हारी लागल्यामुळे त्यानं रात्री त्या चिन्हाचं कुळमूळ शोधलं. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गणितज्ञानं ते पहिल्यांदा पुस्तकात छापलं. ‘च्या बरोबर आहे’ असं सारखं सारखं लिहून तो कंटाळला होता. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा त्यानं घेतल्या, कारण त्यांच्याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. “कंटाळा आला म्हणून,” नवरा अंधारात पुटपुटला. “एका माणसाला कंटाळा आला म्हणून मी आज चुकलो.”

यानंतर मी सोपं म्हणून घड्याळ निवडलं. यादीत ‘विद्यार्थी घड्याळातील वेळ वाचू शकेल’ असं होतं आणि ते मला येतं याबद्दल खात्री होती. काटा फिरवला. साडेचार. बरोबर. साडेतीन. बरोबर. पुढचा काटा पाहून लेक म्हणाली, “साडेदोन.”

“अडीच.”

“का?”

“दोन आणि अर्ध्याला अडीच म्हणतात.”

“मग साडेतीनला का वेगळं नाव नाही? आणि एक वाजून तीस मिनिटं म्हणजे साडेएक ना?”

“दीड.”

“तुम्ही हे मुद्दाम करता का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठी माझी मातृभाषा आहे, पण आईला कुणी असले प्रश्न विचारतं का? तरी कोश काढला. त्यात जे सापडलं त्यानं माझी झोप उडाली. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. पाऊण म्हणजे पादोन, पाव कमी. इथपर्यंत सगळं शिस्तीत. पण अडीच आला अर्धतृतीयवरून, म्हणजे ‘तिसरा अर्धा’! आणि दीड द्व्यर्धवरून, ‘दुसरा अर्धा’.

मला हे तर्कट वाटलं. लेकीनं तीन गोल काढले. पहिले दोन पूर्ण रंगवले, तिसरा अर्धा. “बरोबरच आहे की. तिसरा अर्धाच आहे.” अपूर्णांक दाखवू शकेल, ही निष्पत्ती आमच्या घरात अशी अपघातानं पार पडली. पुढे असंही कळलं की जर्मन माणूस अडीच वाजले की ‘अर्धे तीन’ म्हणतो आणि दीडसाठी त्याच्याकडेही ‘दुसरा अर्धा’ अशाच अर्थाचा शब्द आहे. लेकीचं त्या दिवशी जर्मन लोकांबद्दल फार चांगलं मत झालं.

“साडेतीनलाही होतं की नाव,” पेपराआडून आवाज आला. पेपर खाली. “औट. आम्ही औटकी पाठ केली होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी.” आणि आबांनी डोळे मिटून साडेतीनचा पाढा सुरू केला. एक औट साडेतीन, दोन औट सात. ते थेट दहापर्यंत जाऊन पस्तिसावर थांबले, धापा टाकत, विजयी.

औट म्हणजे साडेतीन? म्हणजे ‘औट घटकेचं राज्य’ म्हणतो ते… साडेतीन घटकांचं! मी आजवर ते ‘आउट’च्या चालीवर समजत होते, राज्य गेलं, राजा आउट. तसं काही नाही. मूळ शब्द अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. एक घटका २४ मिनिटांची. मी संख्यारेषेवर उड्या मारल्या. तीन घटका ७२, अर्धी १२. एकूण ८४ मिनिटं.

त्या पहिल्या संध्याकाळी सातला वही उघडली होती. आठ चोवीसला लेक म्हणाली होती, राहू दे, मी बाईंना विचारते. करा वजाबाकी. कुठल्याही रीतीनं करा.

राज्य गेल्यावर माणूस निर्भय होतो. सूर्यमालेच्या दिवशी मी नऊ ग्रह धाडधाड म्हणून दाखवले आणि लेकीनं आठव्यावर हात वर केला. प्लूटो २००६ साली प्राग शहरात, खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत मतदान होऊन बाद झालेला आहे, हे मला माहीत होतं हो, पण पाठांतराला कोण कळवणार? जिभेला कुठे ब्रेक लावायचा? शनीच्या चंद्रांचा तर मी विषयच काढला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये एका दमात १२८ नवे नोंदवले गेले आणि आकडा २७४ वर गेला. वर्षाच्या सुरुवातीला ज्यानं तक्ता छापून घेतला असेल त्या प्रकाशकाचं मला वाईट वाटलं. एव्हरेस्टही ८८४८ मीटरचं ८८४८.८६ झालं आहे, २०२० पासून. माझ्या माहितीतलं काहीच जागेवर राहायला तयार नाही, मग मी का राहू?

मी भडकून पुस्तक मिटलं. लेक शांतपणे जवळ आली. “आई, तुला राग आलाय, की लाज वाटतेय, की तू दमली आहेस? तिन्ही वेगवेगळं असतं. आधी नाव सांगायचं.”

भावनेची निष्पत्ती. मी आयुष्यभर या तिन्हींना मिळून ‘डोकं दुखतंय’ एवढाच एक शब्द वापरत आले आहे. सासूबाईही तोच वापरत. तो बरा पुरत होता.

राहिला विज्ञानाचा प्रयोग. तीन वाट्यांत ओला किंवा कोरडा कापूस, वर घेवड्याच्या बिया, सहा दिवस निरीक्षण. यात पालकांनी करण्यासारखं काही नव्हतंच. मी फक्त येता-जाता पाहत होते. सातव्या दिवशी लेकीनं नोंदवही घरी आणली, आणि ती मी इथे शुद्धलेखनाला हात न लावता उतरवते.

‘दिवस १. अ वाटी: पाणी घातले, उजेडात ठेवली. ब वाटी: पाणी घातले, कपाटात ठेवली. क वाटी: कोरडी.

दिवस २. अ वाटीत आईने पाणी घातले.

दिवस ३. अ वाटीत आईने परत पाणी घातले. क वाटी ओली आहे. आईला विचारले. आई म्हणाली बिचारी सुकली होती. मी सांगितले की ती सुकीच पाहिजे.

दिवस ४. अ वाटीतले बी तरंगते आहे. आईने वाटी उन्हात सरकवली.

दिवस ५. क वाटी परत ओली आहे.

दिवस ६. अ वाटीला वास येतो. क वाटीला छोटा मोड आला. ब वाटीला सगळ्यात मोठा मोड आला. ब वाटी आईला माहीत नव्हती.

निष्कर्ष: बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते. पाणी जास्त झाले तर हवा मिळत नाही. उजेड लागत नाही. आई पण लागत नाही.’

खाली बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, ‘निरीक्षण उत्तम!’ आणि त्याच्याखाली पालकांच्या सहीची चौकट होती. मी सही केली.