महिना नंतर, आधी वारा बघा

"आम्ही बेटावर जायचं म्हणतोय, कुठला महिना चांगला?" हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. मी उलट विचारते, "कुठलं बेट? आणि बेटाची कुठली बाजू?" समोरचा वैतागतो. त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मलाही तसंच हवं होतं, म्हणून तर एका नोव्हेंबरात मी थायलंडच्या को समुई बेटावर जाऊन बसले.

"थायलंडचा सीझन नोव्हेंबरपासून" हे इतक्या ठिकाणी वाचलं होतं की नकाशा उघडायची गरजच वाटली नाही. गोष्ट खरी आहे, पण ती फुकेतची. फुकेत पश्चिमेला, अंदमान समुद्रात. समुई पलीकडच्या आखातात. त्या दिवसांत ईशान्येचा वारा आखातावरून येताना बाष्प गोळा करतो आणि समुईवर ओततो. तिथला सगळ्यात जास्त पावसाचा महिना नेमका नोव्हेंबर! तासाभराच्या विमानप्रवासावर लोक ऊन खात पडले होते आणि मी व्हरांड्यात बसून किनाऱ्यावरचा 'पोहू नका' सांगणारा लाल झेंडा बघत होते. पहिल्या संध्याकाळी कठड्यावर वाळत टाकलेला पोहण्याचा पोशाख पाचव्या दिवशी तसाच ओला पिशवीत कोंबला. त्याचा कुबट वास बॅगेला महिनाभर होता. करायला दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी एक लक्षात आलं: झेंडा चारही दिशांना फडफडत नव्हता. त्याचं टोक कायम बेटाच्या आतल्या बाजूला होतं, म्हणजे वारा सतत समुद्राकडूनच येत होता.

तेव्हापासून मी पावसाचे तक्ते नंतर बघते, वारा आधी. 'मान्सून' हा शब्दच अरबी 'मौसिम'वरून आलाय, म्हणजे ऋतू. वाऱ्याच्या भरवशावर शिडं उभारणाऱ्या खलाशांसाठी तो आधी वाऱ्याचा ऋतू होता, पावसाचा नंतर.

श्रीलंकेचंच बघा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल-मिरिसाच्या बाजूला झोडपत असतो, आणि त्याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत गणित उलटं. मग "श्रीलंकेला कधी जावं" याला काय उत्तर देणार? कधीही जा, पण बाजू बघून जा.

मॉरिशसची गंमत वेगळी. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून जुलै-ऑगस्ट हा तिथला हिवाळा. हवा कोरडी, आकाश निळं, फोटो झकास. पण आग्नेयेचे व्यापारी वारे तेव्हाच जोरात असतात. पूर्व किनाऱ्यावर चटई अंथरलीत तर वाळूचे कण पोटऱ्यांना सुयांसारखे टोचतात, टोपी डोक्यावर राहत नाही. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला, तिथे त्याच दिवशी निवांत. पावसाच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही.

आणि खरं सांगू? पावसाला लोक उगाच जास्त घाबरतात. उष्ण प्रदेशातला पाऊस पुष्कळदा तासभर धो धो कोसळतो आणि मग लख्ख ऊन. महिन्याचा आकडा मोठा दिसतो, पण तो दोन-चार सरींतही भरून निघू शकतो. वारा मात्र चिवट. एकदा लागला की दिवसच्या दिवस हटत नाही. पाणी ढवळून निघतं, तळ दिसत नाही, बोटी सुटत नाहीत. पावसात पोहता येतं हो, खवळलेल्या पाण्यात नाही.

वादळांचा धाक मात्र मी मानते. कॅरिबियनमध्ये हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सगळ्यात नाजूक काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर बार्बुडा बेट पूर्ण रिकामं करावं लागलं होतं. त्या महिन्यांत तिकडे जायचंच असेल तर अरूबा किंवा कुरासाओ बघा, ती बेटं इतकी दक्षिणेला आहेत की वादळं सहसा त्यांच्या उत्तरेकडून निघून जातात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ तर चक्रीवादळं जवळपास होतच नाहीत. पृथ्वीच्या फिरण्याचा जो रेटा वाऱ्याला गरगर फिरवतो, तो तिथे फार क्षीण असतो.

माझा आवडता वाद मालदीवचा. सगळे म्हणतात फेब्रुवारी. बरोबरच आहे, ऊन आणि काचेसारखं पाणी हवं असेल तर. पण बा अटॉल या कंकणाकृती प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनीफारू खाडीत मांटा रे मासे येतात ते साधारण जून ते नोव्हेंबर, म्हणजे ज्याला सगळे 'ऑफ सीझन' म्हणून नाक मुरडतात त्या दिवसांत. वारे आणि प्रवाह प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाडीत ढकलतात आणि मांटा जेवायला येतात. पाणी जरा धूसर, कारण तेच त्यांचं जेवण. नुसतं वाळूवर लोळायचं की हे बघायचं, ते आधी ठरवा. महिना त्यावरून आपोआप ठरतो.

माझं मत विचाराल तर मी वारा बदलतो त्या आठवड्यांच्या मागे असते. सेशेल्समध्ये डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा, मे ते सप्टेंबर आग्नेयेचा. मधल्या एप्रिलमध्ये एक वारा दमलेला असतो आणि दुसरा अजून उठलेला नसतो. समुद्र ताटात ओतल्यासारखा सपाट, उकाडा मात्र भरपूर. तेच ला दिग बेटावरचा ग्रांद आन्स हा किनारा जुलैत बघाल तर पाण्यात पाय टाकायची हिंमत होणार नाही, इतकी पाण्याची ओढ असते. किनारा तोच, वाळू तीच.

हां, आणि महिना ठरला की तारीख ठरवताना चंद्रही बघा. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास ओहोटीला पाणी समुद्रात इतकं आत जातं की खोलीतून धावत निघालेला माणूस अर्धा तास चिखलवाळूतून चालत राहतो. पाणी घोट्याच्या वर येतच नाही. तोवर भरती सुरू झालेली असते आणि तो उलटा पळत असतो.