टीव्हीवर "बहुतेक" नसतं

काल आत्याकडे जेवायला गेलो होतो, तिथं सिरीयल चालू होती. हिरॉईन माळ्यावरच्या ट्रंकेतनं पणजोबांचा कागद काढते, फुंकर मारते, धुरळा उडतो आणि बाई तो कागद घडाघडा वाचते! अहो तो मोडी लिपीत आहे ना? मी एवढंच बोललो तर आत्या म्हणाली गप बस की, बघू दे.

आधी कागदाचं सांगतो. चहाच्या पाण्यात बुडवलेला, कडा मेणबत्तीवर जाळलेला कागद म्हणजे जुना, हे टीव्हीवाल्यांनी ठरवूनच टाकलंय. पण हातकागदावर काजळीच्या शाईनं लिहिलेलं दोनशे वर्षांचं पान नीट राहिलेलं असलं तर आजही अक्षर काळं कुळकुळीत दिसतं, आणि आजोबांच्या काळातलं लाकडाच्या लगद्याचं स्वस्त कागदाचं पान हातात घेतलं की पापडासारखं मोडतं. म्हणजे उलटंच की.

दुसरं ते पांढरे हातमोजे. बीबीसीवर २००४ पासून सेलिब्रिटींच्या पूर्वजांचा कार्यक्रम येतो, तिकडं मोजे घातले नाहीत की लोक तक्रार करतात म्हणे. पण ब्रिटिश लायब्ररीसारख्या ठिकाणी सांगतात की कागदाला हात धुवून, नीट कोरडे करून लावा, सुती मोज्यात बोटांना काही कळत नाही आणि पान फाटतं. मोजे फोटोंना घाला. आपल्याकडं मोज्यांचा प्रश्नच नाही म्हणा. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा एका चॅनलचा रिपोर्टर जिभेला बोट लावून रजिस्टरची पानं पलटत लाईव्ह देताना मी स्वतः बघितलाय. माझा चुलतभाऊ तर त्याच्या पुढचा, त्यानं जुनं खरेदीखत लॅमिनेट करून आणलं "सेफ राहील" म्हणून. आता ते गरम चिकटवलेलं प्लास्टिक कोण काढणार?

पण हे सगळं माफ. मला राग येतो तो वाचणाऱ्याला गायब करतात त्याचा. मोडीत शब्द सुटे नसतात, ह्रस्व-दीर्घाचा हिशेब नसतो, बोरू शक्यतो उचलायचाच नाही अशी ती पळती लिपी, त्यात लिहिणाऱ्याचं वळण वेगळं. आमच्या पणजोबांची नोंद शोधायला मी एका रिटायर्ड मास्तरांच्या मागं लागलो, आम्ही त्यांना सरच म्हणतो. कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या झेरॉक्सवर भिंग धरून तीन रविवार बसले. "बाळा वलद रामजी" एवढं लागलं. आडनाव नाही! वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कुठं कुठं बिन लिहितात. मी म्हटलं सर हेच का आमचे, तर सर म्हणाले बहुतेक. सनाचंही तेच, जुन्या कागदांवर कालगणना वेगळ्या, इसवी सन काढायला फसली असला तर ५९० मिळवा, सुहूर असला तर ५९९, तरी महिन्यावरनं एक वर्ष पुढंमागं होतंच, म्हणजे तिथंही बहुतेक.

मग पंढरपूरला गेलो, आमच्या क्षेत्रोपाध्यांकडं, म्हणजे घराण्यांच्या नावांच्या वह्या ठेवणाऱ्या तिथल्या पुरोहितांकडं. सोलापूरपासनं दीड-दोन तासांचं अंतर, पण एवढ्या वाऱ्या झाल्या तरी कधी वही बघायचं सुचलं नव्हतं. त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग लाल कापडात बांधलेली वही सोडली. आजोबांची सही निघाली, देवनागरीत, वाकडीतिकडी, आणि खाली बापाचं नाव... बाळाजी. अंगावर काटा आला खरं सांगतो. पण हा बाळाजी आणि कोतवाल बुकातला बाळा एकच का? सरांना फोन लावला. सर थोडा वेळ गप्प आणि मग तेच, बहुतेक.

टीव्हीवर हे तीन रविवार अर्ध्या मिनिटात संपतात आणि हा शब्द तर एडिटिंगलाच कापला जातो.

आता दिवाळीत भावकी जमणार, तर आत्याला आमच्या वंशावळीचा मोठ्ठा फ्लेक्स पाहिजे. मी सांगितलं बाळाजींच्या नावापुढं कंसात बहुतेक टाका. फ्लेक्सवालं पोरगं दोनदा फोन करून विचारतंय, काका हे चुकून आलंय का, काढू का?