माळ जरूर घाला, पण आधी सिव्हिलला न्या

आषाढी-कार्तिकी जवळ आली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात कितीतरी घरांत एकच बेत ठरतो. पोराला पंढरपूरला न्यायचं, चंद्रभागेत अंघोळ, गळ्यात माळ आणि त्याच दिवसापासून दारू बंद. माळेबद्दल मला मनापासून आदर आहे. माळकऱ्यांच्या संगतीनं कायमची सुटलेली माणसं गावोगाव आहेत. माझी हरकत फक्त 'त्याच दिवसापासून' याला आहे. सकाळी उठल्याउठल्या ज्याला लागते, त्याची दारू अशी एका दिवसात तोडली तर ते जिवावर बेतू शकतं.

असा पोरगा ओळखायला तपासणी लागत नाही. सकाळी चहाची बशी हातात नीट राहत नाही, चहा सांडतो. नव्वदी पोटात गेली की तोच हात थांबतो. मग वय २३ असो की ५३, त्याला डॉक्टर लागणारच. महिन्या-दोन महिन्यांनी वाढदिवसाला ढाब्यावर बसणाऱ्याला हा धोका सहसा नसतो.

शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तेव्हा कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. सगळ्यात वाईट काळ ४८ ते ९६ तासांचा. पोरगा अंगावर नसलेल्या मुंग्या झटकतो, चादर ओढत बसतो, रिकाम्या भिंतीकडे बघून कुणाला तरी शिव्या देतो. रात्र की दिवस कळत नाही, अंग तापतं. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि गाडी देवऋषीकडे वळते. इथंच माणसं हकनाक जातात. हा उपचार असलेला आजार आहे. दवाखान्यात झटके रोखणाऱ्या गोळ्या सुरू करतात आणि साधारण आठवड्याभरात रोज कमी करत बंद करतात. त्या मेडिकलमधून आणून घरी देऊ नका, त्यांचीही सवय लागते. आणि डॉक्टर गाठेपर्यंत पोराला खोलीत कोंडून दारू तोडू नका.

गावात 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन लावतात, त्याबद्दलही सांगतो. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व फार कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं तिथं खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. तोल जातो, एकाचे दोन दिसतात, आठवण कायमची अधू होऊ शकते. बाटली लावण्याआधी 'बी-वनचं इंजेक्शन दिलं का?' एवढं डॉक्टरांना विचारा. त्यात कसला संकोच?

'नकळत दारू सोडवा' म्हणून विकली जाणारी पुडी भाजीत कालवू नका. आत काय आहे ते कुणीच सांगत नाही. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी असेल आणि पोरगा वर प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं. गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. हे औषध चांगलं आहे, पण पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच द्यायचं.

हायवेवर मोटरसायकल घसरून पाय मोडलेल्या पोराचंही तेच: ॲडमिट झाला की दारू एकदम तुटते. घरचे लाजेपोटी दारूचं लपवतात, तिसऱ्या रात्री पोरगा सलाईन उपटून पळायला लागतो आणि दोष भुलीच्या इंजेक्शनला जातो. ॲडमिट करतानाच सांगा: रोज किती, शेवटची कधी, आधी फिट आली होती का.

झोपेच्या गोळ्या, म्हणजे पोरं ज्याला 'बटण' म्हणतात, त्याही एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. गांजा थांबवल्यावर चिडचिड होते, झोप उडते, पण त्यानं जीव जात नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशेची पावडर, सुटताना मन इतकं खचतं की पोराला काही दिवस एकटं सोडू नये.

सोलापूरला सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन्ही नंबर फुकट आहेत. पहिला आठवडा दवाखान्यात निघाला की खुशाल माळ घाला. तिचा खरा उपयोग तिथून पुढं आहे, कारण संध्याकाळी सात वाजता जुनी टोळी बोलवायला येते तेव्हा हरिपाठाला बसलेली माणसं पोराला धरून ठेवतात. गोळ्या आणि डॉक्टरांच्या फेऱ्या मात्र सोडू नका.

२०२१ मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसरा धंदा मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो मोलाचाच. पण भट्टी फुटते त्या दिवशी आसपासच्या रोज पिणाऱ्यांचीही दारू एकदम तुटते, त्याचं नियोजन कुणाकडे असतं? धाड पडली की त्याच संध्याकाळी उपकेंद्राला आणि आशाताईंना कळवावं, आणि पुढचे चार दिवस थरथरणाऱ्या माणसांच्या घरी फेरी व्हावी. ग्रामसभेत हा ठराव मांडायला पैसे लागत नाहीत. पुढच्या ग्रामसभेत मांडा.