थडग्यातला पाव कोण खायचं? एका कमेंटला सविस्तर उत्तर

नमस्कार, तुम्ही कमेंट अगदी मनापासून लिहिलीय, त्यामुळे दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाहीये मला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी माझ्या पोस्टमध्ये प्राचीन इजिप्तच्या थडग्यांमधल्या, मेलेल्या माणसाच्याच मूर्तींचं नको तेवढं कौतुक केलं, आणि खरं बघता हा गुलामांकडून दगड फोडून घेऊन मेलेल्या श्रीमंतांपुढे अन्न सडवायचा प्रकार होता, म्हणजे उपाशी माणसाच्या तोंडचा घास काढून दगडाला.

आधी अन्नाचं बोलू. ते सडत नव्हतं हो. मूर्तीपुढे पाव, बिअर, मांस ठेवायचं, मंत्र म्हणायचे आणि मग तेच उचलून पुजाऱ्यांनी खायचं, आपल्याकडे नैवेद्य नंतर प्रसाद म्हणून वाटतात तसंच. अस्यूतचा हापजेफा बघा ना, इ.स.पू. १९५० च्या आसपासचा प्रांताधिकारी, त्याने थडग्याच्या भिंतीवर चक्क दहा कॉन्ट्रॅक्ट कोरून घेतलीयत. कुठल्या सणाला कुठल्या पुजाऱ्याने माझ्या मूर्तीला किती पाव, किती बिअर द्यायची, नवीन वर्षाच्या रात्री दिव्याच्या वाती कोणी पुरवायच्या आणि त्या बदल्यात कोणाला काय मिळणार, सगळं लिहिलंय. मोबदला म्हणून कुठे जमीन, कुठे देवळाच्या उत्पन्नातले दिवस, एक दिवस म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा ३६० वा हिस्सा. आणि हे दिवस देताना तो स्पष्ट सांगतो की हे माझ्या वडिलांच्या घरचं आहे, अधिकारी म्हणून हातात आलेलं नाही! मला तर हे वाचून त्या माणसाबद्दल आदरच वाटला.

आता मूर्ती. त्या मिरवायला असत्या तर बंद खोलीत कशाला कोंडल्या असत्या? सक्काराला जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडला लागून एक छोटी दगडी खोली आहे, आत राजा बसलेला, सगळीकडून बंद, फक्त डोळ्यांच्या उंचीवर दोन भोकं (आज तिथे प्रतिकृती आहे, मूळ मूर्ती कैरोच्या म्युझियममध्ये नेलीय). शरीर नष्ट झालंच तर माणसाच्या ‘का’ला, म्हणजे त्याच्यातल्या प्राणशक्तीला, राहायला दुसरं शरीर हवं म्हणून ही मूर्ती, आणि बाहेरचे विधी तिला दिसावेत, धूप पोचावा म्हणून ती भोकं. शिवाय नातवंडं-पतवंडं कधीतरी यायची बंद होणार हेही त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून भिंतीवर हजार पाव, हजार बिअर असं कोरून ठेवायचे आणि वाटेने जाणाऱ्याला विनवायचे की बाबा रे, काही आणलं नसलंस तरी एवढं तोंडाने म्हण. कोरलेलं किंवा नुसतं उच्चारलेलं अन्नही ‘का’ला पोचतं अशी त्यांची समजूत होती.

गुलामांचं म्हणाल तर इजिप्तमध्ये पुढे गुलामगिरी होती, नाही म्हणत नाही, पण गिझाला १९९० पासून पिरॅमिडवर राबलेल्या लोकांचीच थडगी सापडलीयत. त्यात इंतीशेदू म्हणून एक सुतार, नीथ देवीच्या नौकेचा मुकादम, त्याच्या थडग्यातल्या कोनाड्यात त्याच्याच चार चुनखडीच्या मूर्ती बसवलेल्या, शेजारी पाचवी लाकडाची होती ती कुजून गेली. होड्या बांधणारा माणूस, आणि त्यालाही आपल्या ‘का’ची सोय करून ठेवता आली!

तुमचं एक मात्र शंभर टक्के बरोबर आहे. शेतात राबणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला वाळूतला खड्डा आणि चार मडकी एवढंच आलं, मूर्ती नाही, कोरलेलं नाव नाही, आणि पुजाऱ्याला मिळायचा तो पाव पिकवलेला त्यांनीच. यावर माझ्या पोस्टमध्ये जेमतेम एक ओळ होती, पुढची पोस्ट पूर्ण त्यांच्यावरच लिहितोय. पण तोवर ‘सडवलं’ हा शब्द तेवढा मागे घ्या, प्लीज.