दिव्यांवरचे नियम कशाला हवेत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ट्यूबलाइट आणि सीएफएलवरच्या नियमांबद्दलच्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साठ वॅटचा जुना बल्ब निरुपद्रवी होता, फुटला तर काच झाडून टाकायची की झालं. सरकारने आधी सीएफएल गळ्यात मारला, मग त्यात पारा आहे म्हणून घाबरवलं, आता एलईडी घ्या म्हणतात आणि तो वर्षभरात जातो. नियम सगळे कंपन्यांच्या सोयीचे; कुठला दिवा लावायचा ते गिऱ्हाइकावर सोडा.

सीएफएलबद्दलची आणि एलईडीबद्दलची तक्रार मला मान्य आहे. पण त्या दोन्ही तक्रारी नियम उशिरा आल्यामुळे किंवा अर्धवट पाळले गेल्यामुळे झाल्या आहेत. नियम काढून टाकले तर त्या वाढतील.

आधी जुना बल्ब. त्यावर देशभर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे झालेलाच नाही. युरोपने 2009 पासून टप्प्याटप्प्याने तो बाजारातून काढला, तसं इथे घडलं नाही. मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मागितलात तर आजही मिळेल. म्हणजे निवड तुमच्याच हातात आहे. तो निरुपद्रवी होता हेही पूर्ण खरं नाही. जुना पिनवाला बल्ब उलटा धरून बघा: टोपीच्या तळाशी सोल्डरचे दोन चकचकीत ठिपके दिसतील. जुन्या बल्बांत ते सोल्डर शिसं आणि कथलाचं असायचं. आत ज्या काचेच्या दांडीतून तारा वर जातात, तीही पुष्कळदा शिसंयुक्त काचेची. विजेचा हिशेब तर सरळ आहे. साठ वॅटच्या जागी नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर वर्षाला 93 युनिट वाचतात. बेस्ट असो की अदानी, टाटा असो की महावितरण, तुमच्या स्लॅबच्या दराने गुणून बघा. शिवाय मुंबईची काही वीज ट्रॉम्बे आणि डहाणूला कोळसा जाळून येते, आणि कोळशातही पारा असतो. तो चिमणीवाटे बाहेर पडतो, घरात दिसत नाही एवढंच.

आता सीएफएल. इथे तुमचा राग रास्त आहे. सरकारच्या बचत लॅम्प योजनेत 2009 पासून जुन्या बल्बच्या बदल्यात 15 रुपयांत सीएफएल देण्यात आले. पण ई-कचऱ्याच्या नियमांत सीएफएल आणि पाऱ्याचे इतर दिवे आले ते 2016 साली. त्याच नियमांनी 30 वॅटपेक्षा लहान सीएफएलसाठी 2.5 मिलिग्राम पाऱ्याची मर्यादा घातली. मधल्या काळात काय चाललं होतं? दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने 2011 साली बाजारातले सीएफएल तपासले, तेव्हा सरासरी पारा 21 मिलिग्रामच्या आसपास निघाला. पुढे ठरलेल्या मर्यादेच्या आठपटीहून जास्त. कमी पाऱ्यात दिवा बनवणं कंपन्यांना तेव्हाही शक्य होतं, पण पाऱ्याचा मोजका डोस घालायला महागडी यंत्रणा लागते आणि ती बसवायची सक्ती कुणी केली नव्हती. गिऱ्हाइकाने दुकानात उभं राहून पारा कसा मोजायचा? म्हणूनच ही गोष्ट गिऱ्हाइकावर सोडता येत नाही.

एलईडीचंही तसंच. सुरक्षिततेच्या आयएस 16102 (भाग 1) या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे आणि 2018 पासून स्टार लेबलही सक्तीचं आहे. नोंदणीची सक्ती असूनही 2017 साली एल्कोमा या उत्पादकांच्या संघटनेसाठी निल्सन या पाहणी करणाऱ्या कंपनीने मुंबईसह चार शहरांतल्या दुकानांत पाहणी केली, तेव्हा एलईडी बल्बांचे 76 टक्के ब्रँड सुरक्षिततेच्या निकषांत बसले नाहीत. नियम होता, तपासणी नव्हती. घेताना निदान एवढं करा: बल्बच्या अंगावर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’पुढे आठ आकडे छापलेले आहेत का ते पाहा आणि तो ‘आर’चा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं तर बल्ब परत ठेवा. खोक्यावरच्या ल्यूमेनला, म्हणजे उजेडाच्या मापाला, वॅटने भागा; नऊ वॅटला 900 ल्यूमेन म्हणजे वॅटला 100. हा आकडा जितका मोठा तितका त्याच विजेत उजेड जास्त. ल्यूमेन छापलेलेच नसतील तर तो बल्ब घेऊ नका.

चांगल्या कंपनीचाही वर्षात गेला, तर बहुतेक वेळा कारण उष्णता असतं. बाथरूमच्या बंद काचेच्या ग्लोबमध्ये बल्ब लावला की हवा खेळत नाही, आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) तापतो, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तिथे कमी वॅटचा बल्ब लावा किंवा ग्लोब उघडा ठेवा. गेलेल्या बल्बची पांढरी टोपी काढून पाहिलीत तर पुष्कळदा एखाद्या पिवळ्या चौकोनावर बारीक काळा ठिपका दिसतो. सगळे एलईडी एकाच माळेत जोडलेले असल्याने तो एक तुटला की अख्खा बल्ब बंद. एकाच होल्डरमध्ये लागोपाठ दोन बल्ब गेले तर तिसरा आणण्याआधी होल्डर बदला. समुद्राच्या दमट हवेने पितळी पिना हिरव्या पडतात, स्प्रिंग ढिली होते, आत बारीक ठिणग्या उडत राहतात आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं बल्बमधलं सर्किट, जातो.

आता खरा प्रश्न, ज्यावर तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत: ‘घंटागाडीवाला ट्यूब घेत नाही, मग काय करू?’ मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. एलईडीत पारा नाही, पण आपल्या जिन्यांत, दुकानांत, शाळांत अजून लाखो ट्यूब आहेत आणि त्या आता उतरणार आहेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा कराराच्या 2022 च्या बैठकीत, चोक आतच असलेल्या 30 वॅटपर्यंतच्या सीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2025 अखेर थांबवायचं ठरलं; 2023 च्या बैठकीत ट्यूबलाइटसाठी 2026 आणि 2027 च्या मुदती ठरल्या. भारताने हा करार 2018 साली स्वीकारला आहे.

उतरलेली ट्यूब आज जाते कुठे? सुक्या कचऱ्यात, तिथून वेचणाऱ्या बाईच्या हातात. दोन्ही टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्यांसाठी ती फोडली जाते आणि वाफ तिच्या नाकात जाते. 2022 च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांची जबाबदारी रिसायकलरकडून विकत घ्यायच्या प्रमाणपत्रांत बांधली, पण ती प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर मोजली जातात. काच आणि पाऱ्याची ट्यूब गोळा करण्यात कुणालाच फायदा उरत नाही. नियमांतली ही उणीव मला फार गंभीर वाटते.

तोवर तुमच्या सोसायटीत करता येईल ते असं. एलईडी ट्यूब ज्या पुठ्ठ्याच्या लांब खोक्यांतून येतात, ती फेकू नका. उतरलेल्या ट्यूब त्यांतच घालून उभ्या ठेवा. सुतळीने गठ्ठा बांधू नका, मधल्या ट्यूबला तडा जातो. खोकं मीटरच्या खोलीत नको, पावसाचं पाणी न येणाऱ्या हवेशीर कोपऱ्यात ठेवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या रिसायकलरला फोन करून सरळ विचारा: पाऱ्याचे दिवे तुमच्या परवान्यात आहेत का? पुष्कळजण फक्त संगणक, मोबाइल घेतात. देताना संख्या लिहिलेली पावती मागा.

आणि घरात सीएफएल फुटलाच, तर पंखा आणि एसी आधी बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. केरसुणी किंवा व्हॅक्युम क्लीनर लावू नका, त्याने पूड आणि पारा हवेत पसरतो. दोन जाड पुठ्ठ्यांनी काच गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. हे सगळं, कागद आणि पट्टीसकट, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि बरणी बाहेर काढून ठेवा. चादरीवर पूड सांडली असेल तर ती मशीनमध्ये घालू नका.

राहिली महापालिका. 2016 च्या घनकचरा नियमांनी सीएफएल आणि ट्यूबलाइट हा घरगुती घातक कचरा ठरवला आणि दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उभारायची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. त्या हिशेबाने मुंबईच्या क्षेत्रफळाला वीसच्या वर केंद्रं लागतात. तुमच्या वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाला सोसायटीच्या लेटरहेडवर, ट्यूबची संख्या घालून, लेखी विचारा की आपल्या वॉर्डासाठीचं केंद्र कुठे आहे आणि ते कोणत्या वाराला ट्यूब घेतं. एक प्रत नगरसेवकाला द्या, पोचेचा शिक्का घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर तेच दोन प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात घाला. तिथे 30 दिवसांची मुदत कायद्याने बांधलेली आहे.