वहिनीचं घोरणं

आमच्या घरी वहिनीच्या घोरण्यावर लय हसणं झालं. दुसरं बाळंतपण म्हणून ती सासरीच. आठवा महिना, पायावर सूज, बीपी १५०/१००, आणि माय शेजारच्या काकूला सांगते, "आमची सून रातभर ट्रॅक्टर चालवते." वहिनीही पदर तोंडाला लावून हसायची. दिवसा मात्र सांबार (कोथिंबीर) निवडता निवडता तिची मान पडायची.

दिवाळीत गेले तेव्हा तिच्या बाजूला झोपले. रात्री घोरणं थांबलं, बरं वाटलं. मग ध्यानात आलं, श्वासच थांबलाय. मोबाइलवर सेकंद मोजले: १८. मग गुदमरल्यासारखी हुंकारली, कूस बदलली, ट्रॅक्टर परत सुरू. अकराव्यांदा तसं झालं तेव्हा मी मोजणं सोडून तिला हलवून उठवलं.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, शरीर दचकतं आणि दर दचक्याला बीपी उसळतं. गरोदरपणात नाक चोंदतं, वजन वाढतं, म्हणून कधी न घोरलेलीही घोरायला लागते. घोरणारी प्रत्येक बाई आजारी नसते, हे खरं. पण अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेल्या, २०१७ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात झोपेत श्वास अडकणाऱ्यांमध्ये प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून आईबाळाच्या जिवावर बेतू शकणारा आजार) आणि गरोदरपणातला मधुमेह दोन्ही जास्त दिसले.

राग येतो तो इथं. दर महिन्याच्या ९ तारखेला वहिनी तपासणीला जायची. वजन, बीपी, लघवी, हिमोग्लोबिन, सगळं कार्डावर. आशाताई बिचारी उन्हातान्हात घरी येऊन गोळ्यांचं विचारायची. घोरतेस का, हे कोणीच विचारलं नाही. त्याला कुठलं मशीन लागतं? फक्त बाईला नाही, तिच्याजवळ झोपणाऱ्याला विचारा. तिला स्वतःला काय ठाऊक! (दादा म्हणतो, "मी तं आवाजापायी अंगणातच झोपतो." घ्या.)

झोपेची तपासणी नागपुरात. सीपॅप मशीन मास्कमधून हवा दाबून घशाची वाट उघडी ठेवतं, पण आमच्याकडे रात्री लाइट गेली की तेही गप. तोवर डॉक्टरांनी सांगितलं: डाव्या कुशीवर झोपा, बीपीच्या गोळ्या चुकवू नका, आणि डोकं ठणकलं, नजर धूसर झाली किंवा बरगडीखाली दुखलं तर सकाळची वाट न पाहता १०८ बोलवा.

काल मायचा फोन आला. "आज पाचदा अडकली व बाई. कॅलेंडरवर लिहून ठेवलं."