कीबोर्ड बंद पडला म्हणजे मदरबोर्ड जळाला, असे नव्हे

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या संगणकांवर नवी प्रणाली टाकून घेण्याची घरोघरी लगबग सुरू झाली. तेव्हापासून नागपुरातल्या ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप गटांवरून एक संदेश माझ्याकडे वारंवार येतो आहे. त्याचा मजकूर असा : ‘विंडोज टाकताना कीबोर्ड बंद पडला तर मदरबोर्ड गेला समजा. आधी आतला सेल काढून दहा मिनिटांनी बसवा, सगळे ठीक होते. यादीत डिस्क दिसली नाही तर ती जळाली. इन्स्टॉल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले तर पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आहे.’ मी धरमपेठेत संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि या चार वाक्यांच्या भरवशावर लोकांनी चांगली यंत्रे मोडीत काढलेली पाहिली आहेत, म्हणून प्रत्येक वाक्याचे उत्तर देतो.

पहिले विधान सर्वांत महागात पडणारे आहे. संगणक सुरू केल्यापासून विंडोज उघडेपर्यंत कीबोर्डकडे एकच प्रोग्रॅम लक्ष देत नसतो. सुरुवातीला बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला आणि यंत्र चालू होताच सर्वांत आधी धावणारा प्रोग्रॅम, ते काम करते आणि पुढे विंडोज टाकणारा इन्स्टॉलर स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममार्फत) ते आपल्याकडे घेतो. इन्स्टॉलरजवळ योग्य ड्रायव्हर नसेल, तर बायोसमध्ये उत्तम चालणारा कीबोर्ड भाषा निवडण्याच्या पडद्यावर निपचित पडतो. मागच्या उन्हाळ्यात इतवारीतल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा असाच संगणक घेऊन आला. त्यांचे हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालत होते आणि एका दुकानाने ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ असे सांगून त्याला परत पाठवले होते. मी यंत्र सुरू करून डिलीट कळ दाबली, तेव्हा बायोस उघडले आणि कॅप्स लॉकचा दिवाही लागत-विझत होता. इन्स्टॉलर उघडताच मात्र दिवा विझला तो विझलाच. विंडोज ७ हे २००९ सालचे, त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, आणि इंटेलने २०१५ साली आणलेल्या १०० मालिकेच्या चिपसेटमधून (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमधून) यूएसबी २ चा जुना कंट्रोलर काढून टाकल्याने कीबोर्ड यूएसबी ३ वरच अवलंबून राहिला, हे त्यामागचे साधे कारण होते. मी संगणक पूर्ण बंद केला, मागच्या जांभळ्या गोल पोर्टला जुना पीएस/२ कीबोर्ड जोडला (हा चालू यंत्राला कधीही जोडू नये) आणि काम पुढे सरकले. असा कीबोर्ड हाताशी नसेल तर यूएसबी ३ चा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच्या बूट आणि इन्स्टॉल या दोन्ही विम फाइलींमध्ये (इन्स्टॉलर आणि विंडोज ज्यांत साठवलेले असतात त्या फाइलींमध्ये) आधीच घालून घ्यावा लागतो. फक्त बूटच्या फाइलीत घातला तर पहिल्या रीस्टार्टनंतर कीबोर्ड पुन्हा बंद पडतो.

याउलट, सुरुवातीलाच एफ२ किंवा एफ१२ दाबून काहीच होत नसेल तर बायोसमधला फास्ट बूट हा पर्याय तपासावा, कारण तो चालू असताना काही बोर्ड वेळ वाचवण्यासाठी यूएसबी उपकरणे जागी करण्याचे टाळतात. जुनी विंडोज अजून उघडत असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडावे. पुढच्या प्रगत पर्यायांमधून, यंत्र यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) पद्धतीने चालत असल्यास, थेट बायोसमध्ये जाता येते. ब्लूटूथ कीबोर्ड या टप्प्यावर बहुधा चालत नाही, म्हणून वायरचा कीबोर्ड घ्यावा आणि तो हबला न लावता मागच्या पोर्टला लावावा.

सेल काढण्याच्या सल्ल्याबद्दल मला खरी काळजी वाटते. मदरबोर्डवरचा तो नाण्यासारखा, ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल काढल्याने बायोसच्या सेटिंग मूळ जागी जातात, एवढेच होते. बूटची पद्धत किंवा डिस्कचा एएचसीआय मोड (संगणकाने डिस्कशी बोलण्याची पद्धत) आधी बदललेला असेल तर तोही पुसला जातो आणि कालपर्यंत चालणारी विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. शिवाय बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर सेटिंग बदलल्याचे पाहून संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. आपली डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे हेच अनेकांना ठाऊक नसते आणि की सापडली नाही तर मुलांच्या लहानपणीच्या फोटोंसह सगळे आतच राहते. त्यामुळे बायोसला हात लावण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून घ्यावी. घड्याळ रोज मागे पडत असेल तर सेल जरूर बदलावा. कीबोर्डवर तो उपाय नाही.

डिस्क दिसत नाही म्हणजे ती जळाली, हेही घाईचे अनुमान आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी (चिपवर चालणारी डिस्क) व्हीएमडी नावाच्या, डिस्क सांभाळणाऱ्या व्यवस्थेमागे असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसला की यादी रिकामी दिसते. बायोसमध्ये एसएसडीचे मॉडेल नाव दिसत असेल तर ती जिवंत आहे असे धरून चालावे, लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून तो दाखवावा. व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, परंतु जुनी विंडोज आणि तिच्यातला डेटा हवा असेल तर हे करू नये, कारण ती विंडोज मग सुरूच होत नाही.

चौथ्या विधानाला फार शब्द लागत नाहीत. पहिल्या रीस्टार्टनंतर संगणक पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू होतो, कारण बूटच्या क्रमात तो पहिला असतो. त्या क्षणी पेनड्राइव्ह काढून घेतला की उरलेले काम डिस्कवरून पूर्ण होते.

मदरबोर्ड कधीच बिघडत नाही असे माझे म्हणणे नाही. बायोसमध्येही कीबोर्ड चालत नसेल तर आधी दुसरा कीबोर्ड आणि दुसरे पोर्ट वापरून पाहावे, एखादी कळ दबून अडकलेली नाही ना हे बोटाने तपासावे. आपल्याकडे मे महिन्यात कूलरच्या झोतात ठेवलेल्या कीबोर्डात ओल आणि धूळ साचून कळा चिकटतात. एवढे करूनही दिवा लागला नाही, तरच बोर्डाची तपासणी करून घ्यावी आणि दुकानदाराला कीबोर्ड नेमका कोणत्या पडद्यावर बंद पडला ते सांगावे.